मालक परदेशी स्थायिक

“गाव पळता तीन दिस,” जानकीआत्या म्हणाली, “आणि ह्या चेडवाचे आवशी-बापूस पळाले तीन म्हयने. आता मोठी गावपळण कोणाची, ता तुमीच सांगा.”

राहुटीतले सगळे हसले. झावळ्यांच्या कुडापलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असावं, कारण तिकडूनही कुणीतरी हसलं. प्राजक्ता हसली नाही. ती तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

“पळाले नाय, आत्ये. फिराक गेले.”

“फिराक माणूस गोव्याक जाता. शिर्डीक जाता. ह्या खंय म्हणतत ता?”

“हनोई. व्हिएतनामची राजधानी.”

“थंय काय आसा?”

“एक खोली. तिसऱ्या माळ्यार.”

“आयकलंस, शिवा? चिऱ्याचा घर सोडून लोकांच्या तिसऱ्या माळ्यार. आणि वर पैशे देवन!”

शिवाकाका दोरीला गाठ मारत होता. त्याने मान वर केली नाही. “सोड गे अक्का. दादाचा नशीब मोठा. बागेक पाणी लावणारो भाव घराक आसा, म्हणान तेंका फिराक सुचता.”

हे तो मऊ आवाजात बोलला. म्हणूनच प्राजक्ताला ते जास्त लागलं.

आचऱ्याची गावपळण वर्तमानपत्रांत येते. या लहान गावाची कुठेच येत नाही, पण नियम तोच. देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी शीव ओलांडून खाडीपलीकडे जायचं. तीन दिवस गावात चूल नाही, दिवा नाही, माणसाचा आवाज नाही. मग मानकरी पुन्हा कौल मागतात. तो मिळाला आणि नगारा वाजला तर परत, नाहीतर आणखी एक दिवस बाहेर. कुठल्या वर्षी, कुठल्या तारखेला, हे आधी कुणालाच माहीत नसतं. देव ठरवतो आणि मग माणसं रजा टाकतात. प्राजक्ताने पुण्यातल्या प्रयोगशाळेतून अशीच घाईने रजा काढली होती आणि घरी न जाता ती सरळ खाडीपलीकडे राहुटीतच उतरली होती. दादांच्या घरातलं एक तरी माणूस राहुटीत हवं, असं काकाने फोनवर दोनदा सांगितलं होतं. शिवाय तिला कुतूहल होतं. माणूस काढून घेतला तर तीन दिवसांत अंगणात काय काय येतं, हे तिला परतताना बघायचं होतं.

शिवाकडे वाडीचा मान होता. सगळ्यांच्या शेवटी निघायचं, प्रत्येक घराच्या पायरीशी उभं राहून ‘कोण आसा?’ असं तीनदा विचारायचं, उत्तर आलं नाही की पुढे सरकायचं आणि शिवेवर येऊन मानकऱ्यांना सांगायचं, “वाडी खाली झाली.” परवा संध्याकाळी त्याने तसं सांगितलं होतं. कौलाचा नारळही तोच धरणार होता.

“बरा झाला हिरावयनी नाय ती,” जानकीआत्या पुन्हा सुरू झाली. “असती तर राहुटीत पण फिनेल घातल्यान असतान. नर्सबाय!”

यावर काकी, म्हणजे शिवाची सुगंधा, चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. सर्वेश मात्र हसला नाही. काकाचा मुलगा, मालवणात पर्यटकांना बोटीतून फिरवणारा, एरवी सगळ्यांत मोठ्याने हसणारा. तो सकाळपासून फोन उलटा ठेवून बसला होता, हे प्राजक्ताने पाहिलं होतं.

*

प्राजक्ताच्या आईची, हिराची, हनोईबद्दल एकच तक्रार होती, थंडी. आग्नेय आशिया म्हटलं की उकाडाच असणार असं धरून दोघांनी सुती कपडेच आणले होते, आणि डिसेंबर लागताच खोलीच्या भिंतीसुद्धा गार, दमट झाल्या. तिच्या नवऱ्याने, रामचंद्रने, वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत जन्म घालवला होता. त्याने बाजारातून आधी थर्मामीटर आणला. स्वेटर आणायचं त्याला नंतर सुचलं.

बाकी सगळं तिला आवडत होतं. एका महिन्यासाठी आले आणि व्हिसा संपेपर्यंत राहायचं ठरवलं, ते तिच्याच हट्टाने. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या गॅलरीतल्या बाईशी कपडे वाळत घालताना हसावंच लागे. सकाळी तळ्याला फेरी, येताना टोपलीवाल्या बाईकडून भाजी, दुपारी रस्त्याकडेच्या बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन कॉफी. मासळीबाजारात तिला कुणी भाषा विचारत नसे. कल्ला उचलून बघणारी बाई सगळीकडे ओळखू येते. आणि दिवसभरात तिला कुणी हाक मारत नसे. आरोग्य उपकेंद्रातली सगळी नोकरी आणि सगळा संसार हाकेवर काढलेल्या बाईला ही शांतता नवी होती.

घरमालकीण लान खालच्या मजल्यावर राहायची. हिरा तिला लानबाय म्हणे. पहिल्याच दिवशी लानबायने फोनच्या भाषांतरातून सांगितलं होतं, “पुनवेला आणि महिन्याच्या पहिल्या तिथीला मी मासे खात नाही. त्या दिवशी माझ्या चुलीवर मासे नकोत. बाकी रोज काहीही शिजवा.” हिराला ते फार आवडलं. देवाचं होतं, पण कसलीही सारवासारव नाही. त्या दिवशी दोघं मुकाट्याने भात आणि भाजी खात.

त्या दुपारी लानबाय वर आली ती तिच्या पुढच्या खोलीचे फोटो दाखवायला. खोल्या भाड्याने देण्याच्या ॲपवर टाकायची होती. बोलता बोलता तिने विचारलं, तुमचं गाव कुठे? हिराने त्याच ॲपमधला नकाशा सरकवत नेला, समुद्र ओलांडून, किनाऱ्याकिनाऱ्याने. खाडीचं वळण सापडलं, देवळाचा माळ सापडला. आणि माडांच्या हिरव्या पट्ट्यात, बरोबर तिच्या घराच्या कौलांवर, भाड्याचा पांढरा फुगा चिकटलेला होता.

तिने त्यावर बोट ठेवलं.

पहिला फोटो तिच्या ओट्याचा होता. कुडाळहून आणलेल्या निळ्या फरशा. दुसरा तिच्या खाटेचा, वर तिच्या सरकारी पांढऱ्या साड्यांची गोधडी. तिसऱ्यात तिचं शिवणयंत्र होतं. त्याच्यावर कुणीतरी बाटलीत जास्वंद खोचली होती.

“अवो,” ती म्हणाली. “हंय येवा.”

रामचंद्रने चष्मा लावून खालचा मजकूर वाचला. “‘शांत कोकणी घर. समुद्र पाच मिनिटांवर. मालक परदेशी स्थायिक असल्याने संपूर्ण घर आपलेच.’” त्याने तो पुन्हा एकदा वाचला. “स्थायिक,” तो म्हणाला.

मजकुराखाली नाव होतं, यजमान सर्वेश.

लानबाय खांद्यावरून बघत होती. तिच्या फोनमधल्या बाईने सपाट मराठीत विचारलं, “सुंदर घर. तुम्ही पण मालकीण आहात का?”

“होय,” हिरा म्हणाली. “मालकीणच आसंय मी.”

रामचंद्र अजून स्क्रीनकडेच बघत होता. “हिरा, ह्या बघ. हो आख्खो म्हयनो भरलेलो दाखयता.”

“म्हणजे?”

“म्हणजे आज पण.”

“आज गावपळण आसा!”

*

प्राजक्ताने फोन तांदळाच्या गोणीला टेकवून ठेवला, म्हणजे सगळे दिसतील. पडद्यावर आई-बाबा स्वेटर घालून एकमेकांना चिकटून बसले होते.

“सर्वेश, माझ्या घरात आत्ता कोण आसा?” आईने सुरुवातच तिथून केली.

“काकी, नेटवर्क जरा...”

“नेटवर्क बरा आसा. तुझ्या कपाळावरचो घाम माका हंयसून दिसता.”

राहुटीत हालचाल थांबली. जानकीआत्याने आडकित्ता खाली ठेवला.

“एक जोडपां आसा,” सर्वेश म्हणाला. “नागपूरचा. लॅपटॉपार काम करतत. म्हयन्यासाठी घेतल्यानी. पण काकी, ते मालवणाक गेले. तेंनी बुकिंग केल्यानी तेव्हा कौल झालोच नव्हतो. मगे मी तेंका सांगलंय.”

“काय सांगलंस?”

“तीन दिवस पाणी नाय म्हणान. दुसरीकडे जावा म्हणान.”

“पाणी नाय?” प्राजक्ताला खरंच वाटेना. “गावपळण आसा म्हणान नाय सांगलंस?”

“काय सांगतलंय? देवान सांगल्यान म्हणान घर सोडा? शिकलेली माणसां ती. हसली असती.”

“मेल्या,” जानकीआत्या म्हणाली, “देवाची लाज वाटता, आणि देवाच्या गावाचा भाडा चलता?”

“फोन लाव तेंका,” प्राजक्ता म्हणाली. “आत्ता. स्पीकरार.”

त्याने बापाकडे पाहिलं. बापाने नजर दिली नाही. त्याने फोन लावला.

“हां, बोला सर!” मुलीचा मोकळा आवाज आला. “काही प्रॉब्लेम नाही. तुम्ही सांगितलं तेव्हाच आम्ही पाण्याचे कॅन भरून ठेवले. मस्त पुरतंय. पण इथले सगळे गेलेत कुठे? दोन दिवस कोंबडासुद्धा ओरडला नाही.”

सर्वेशने फोन बंद केला.

पलीकडच्या राहुटीत भजनी मंडळी मृदंगाला ओली कणीक लावत होती, त्याची थाप तेवढी ऐकू येत होती. शिवा उठला, कुडाच्या फटीतून बाहेर बघून परत येऊन बसला. परवा संध्याकाळी तो दादाच्या घराच्या पायरीसमोरून चालत गेला होता. खिडकीचा पडदा ओढलेला होता. सर्वेश म्हणाला होता, गेले. मग कशाला थांबायचं? वाडीत चौदा घरं, अंधार पडत आलेला. त्याने तेरा घरांना विचारलं होतं.

“हळू बोला,” तो म्हणाला. “झाला ता झाला. दोन दिस काढल्यानी, आजून काढतले. पडदे लावन गप रवाक सांग. नगारो वाजलो की संपला. कोणाक कळूक नको.”

“आणि नारळ?” जानकीआत्याने विचारलं. “तो तूच धरतलंस?”

“अक्का, तू तरी...”

“मी तरी काय? मी सकाळपासून तुझ्या बाजून बोलतंय. हिराक नको नको ता बोललंय. माझ्या तोंडात शेण घातलंस तू!”

फोनमधून रामचंद्र बोलला. एरवी कुटुंबाच्या भांडणात त्याचा आवाज नसायचाच, त्यामुळे सगळे वळले. “शिवा, माझ्या पायरेर उभो रवान ‘कोण आसा’ म्हणलंस?”

“बंद घराक काय विचारूचा?”

“बंद नव्हता ता. तुका म्हायत होता.”

“होय, होता म्हायत!” शिवाचा आवाज आता हळू राहिला नाही. “तुमी थंय तळ्याकाठी फोटो काढतास, हंय वाळवी कोण बघता? कौलां कोण परतता? पंपाचो स्टार्टर तुझ्या मागल्या पडवेत, रोज दोनदा मी जातंय. बंद घर आपणाकच खाता, दादा. मी ता जिवंत ठेवलंय. गुन्हो केलंय?”

“जिवंत ठेवलंस, बरा केलंस,” हिरा म्हणाली. “माका विचारलंस?”

शिवा मघा मारलेली दोरीची गाठ सोडवायला लागला.

“दर आयतवारी व्हिडिओवर माझा तोंड बघलंस. ‘वयनी, थंडी कशी आसा’ म्हणलंस. ‘तुझ्या खाटेर माणसां निजतत’ ता नाय सांगलंस. मी नाय म्हटलंय असतंय? कदाचित होय म्हटलंय असतंय. पण ता म्हणाक तोंड माझा होया मा? आणि स्थायिक म्हणजे काय रे? कोण झाला स्थायिक? तीन म्हयने माणूस घरात दिसला नाय, तर माका तुमी देशाभायर काढून मोकळे झालास!”

“वयनी,” सुगंधा चुलीपुढून उठली. तिचे हात पिठाचे होते. “चादरी मी धुतंय. दर पावण्यामागसून. माका हेंनी सांगल्यानी, वयनी होय म्हणली.” ती नवऱ्याकडे वळली. “माका खोटा सांगलास? तुमच्या सख्ख्या भावाच्या बायलेचा नाव घेवन?”

शिवाने काहीतरी पुटपुटून हात झटकला. सुगंधा चूल तशीच सोडून आली आणि प्राजक्ताच्या शेजारी, फोनसमोर बसली. राहुटी लहान होती. ती दोन पावलं सगळ्यांना दिसली.

“तेंका भायर काढा,” हिरा म्हणाली. “माझ्या घरामुळे गावाचा मोडला असा माका नको. आणि त्या पोरांका पण काय म्हणान लपवन ठेवतास? तेंनी काय केला?”

“ओहोटी आसा,” प्राजक्ता म्हणाली. “खाडीतसून येवक गावतला. गावच्या रस्त्यार येवचा नको.” तिने सर्वेशच्या हातातून फोन घेऊन तोच नंबर परत लावला. “नमस्कार. मी प्राजक्ता. तुम्ही राहताय ते घर माझ्या आईचं. नीट ऐका, पाण्याचं खोटं होतं.”

आणि तिने सगळं सांगितलं. कौल, शीव, चूल, दिवा, नगारा. मध्ये ती कुठेही हसली नाही आणि ‘इथले लोक मानतात’ असंही म्हणाली नाही.

“मग हे आधी का नाही सांगितलं?” मुलगी म्हणाली. तिचा आवाज मघासारखा मोकळा नव्हता. “आम्ही हसलो असतो असं वाटलं का तुम्हाला? दोन दिवस आम्ही बाहेर फिरतोय, मोठ्याने गाणी लावतोय. कुणाच्या तरी देवाच्या मधोमध! किती वाईट केलंत तुम्ही.”

“हो,” प्राजक्ता म्हणाली. “केलं.”

*

ती दोघं आली तेव्हा खाडीकाठच्या सगळ्या राहुट्यांनी पाहिलं. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, बॅगा डोक्यावर, मुलाच्या छातीशी लॅपटॉप. शिवेच्या आतून येणारी दोन माणसं. मृदंग थांबला. पोरांचा लगोरीचा डाव थांबला. कुणीही काही विचारलं नाही, पण सगळ्यांची तोंडं हळूहळू शिवाकडे वळली, आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला. शिवाला ओरडा चालला असता.

मुलीचं नाव सृष्टी, मुलाचं समर्थ. जानकीआत्याने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. “येवा, बसा. जेवल्याशिवाय बोलणा नाय,” असं म्हणून तिने भात आणि तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी पुढ्यात ठेवली. समर्थ जेवला. सृष्टीने ताटाला हात लावला नाही. तिने खिशातून चावी काढली. लाल दोरा बांधलेली, हिराचीच चावी.

“ही कुणाकडे द्यायची?”

शिवाने हात पुढे केला. त्याच क्षणी प्राजक्ताने केला. दोन्ही तळवे तिच्यासमोर उघडे होते. तिने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

“माका त्या चेडवाचा तोंड दाखव,” फोनमधून हिरा म्हणाली. मग तिने मुद्दाम शाळेतली मराठी लावली. “बाळ, तुमचा महिना कधी संपतोय?”

“एकवीस तारखेला, काकू. पण आम्ही आता...”

“मग एकवीसपर्यंत ती तुझ्याकडेच राहू दे.”

“आई!” प्राजक्ता ओरडली. “काय बोलतंस? तुझ्या घरात परत...”

“तू परवा पुण्याक जातलंस, प्राजू. चावी मगे खंय जातली?” हिराने शिवाकडे न बघता विचारलं. “मी पण हंय लोकांच्याच खोलीत आसंय. घर लानबायचा, जिनो तिचो, चूल तिची. तरी दार वाजवल्याशिवाय ती कधी आत येवक नाय. मी आतसून ‘येवा’ म्हणलंय की मगेच येता. भाड्यान रवणाऱ्याक घर सांभाळूक कळता, शिवा. तुमका आपला म्हणान कळाक नाय.”

मग ती पुन्हा सृष्टीशी बोलली. “कुणाला आत यायचं असेल तर दारात उभं राहून विचारू दे. कुणीही असो. तू हो म्हटलंस तर हो.”

सृष्टीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण रागही अजून गेला नव्हता.

“आणि बागेचा काय?” शिवा म्हणाला. “पंप पडवेत आसा. पाणी नाय लावला तर रोपां सुकतली. वयनी, निदान मागल्या दाराची...”

“विचार. ती उघडतली.”

“ह्या परक्या चेडवाक मी विचारू?”

“परक्या चेडवाक तूच घरात घातलंस,” जानकीआत्या म्हणाली.

रामचंद्र हळूच बायकोच्या कानाशी वाकला. ती म्हणाली, “होय, होय, ता पण. सर्वेश! ती ‘स्थायिक’ची ओळ पूस.”

सर्वेशने फोन उचलला. अंगठा चालवता चालवता विचारलं, “काय लिवू, काकी?”

“लिव. मालकीण फिराक गेली हा. परत येतली.”

*

कौल चौथ्या दिवशी झाला नाही. मानकरी नुसतेच परतले. नारळ शिवाच्या हातात नव्हता. तो त्याने आदल्या संध्याकाळी आपणहून दुसऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवला होता, कुणी मागायच्या आत. गाव आणखी एक दिवस बाहेर राहिलं. इतरांच्या राहुट्यांतून कुरकुर झाली, घरच्या राहुटीत एक शब्द झाला नाही. शिवा त्या दिवशी कुडाला पाठ लावून बसला. प्राजक्ताला कौलाचा आणि त्या दोघांचा संबंध जोडायचा नव्हता. तसं काही सिद्ध करता येत नाही, हे ती स्वतःला सांगत राहिली. पण काकाच्या तोंडाकडे बघणं तिने टाळलं.

पाचव्या दिवशी दुपारी नगारा वाजला.

गुरं पुढे, माणसं मागे. अंगणात मुंगसाच्या पायांचे ठसे होते, तुळशीपाशी एक लांब कात पडली होती, पायवाटेवर पाचोळा इतका की वाट मऊ लागत होती. प्राजक्ताने फोटो काढले. सृष्टी आणि समर्थ बॅगा घेऊन घरात गेले. शिवा कुठेही न बघता सरळ बागेत गेला. सुपारीची रोपं माना टाकून उभी होती. आळ्यांतली माती भेगाळली होती.

तो वळला आणि सवयीने मागल्या पडवीकडे निघाला. दाराला आतून कडी होती.

मग तो घराला वळसा घालून पुढे आला. चिऱ्याच्या तीन पायऱ्या. हे घर वयनीने बांधलं तेव्हा यांतली खालची पायरी त्याने स्वतः बसवली होती, ओळंबा धरायला दादा होता. रस्त्यावरून माणसं आपापल्या घरी परतत होती, डोक्यावर भांडी, काखेत कोंबड्या. ती बघत होती. त्याने चपला काढल्या.

“कोण आसा?”

आतून उत्तर नाही. सामान सरकवल्याचा आवाज.

“कोण आसा?” रस्त्यावरचं कुणीतरी चालता चालता थांबलं.

त्याने घसा साफ केला. आणि वाडीच्या चौदाव्या घराच्या पायरीशी उभं राहून तिसऱ्यांदा विचारलं, “कोण आसा?”

“थांबा,” आतून मुलीचा आवाज आला. “येते.”

शिवा थांबला.